भंडारदरा : एका सहलीत न मावणारे खोरे

अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर हे रतनगडाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीचे सुरुवातीचे खोरे असून, १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे वसलेली आहेत. येथील प्रेक्षणीय स्थळे नकाशावर जवळजवळ दिसत असली, तरी त्यांचे हंगाम निरनिराळे आहेत : काजवे पावसाच्या तोंडावर, धबधबे भर पावसाळ्यात, आणि साम्रदची सांदण दरी, म्हणजे उभ्या कातळांमधील अरुंद, खोल घळ, केवळ कोरड्या दिवसांत. ही गोष्ट शेंडीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मेअखेरच्या एकाच शनिवार-रविवारात हे सारे दाखवण्याचे आश्वासन देऊन पूर्ण रक्कम आगाऊ घेणाऱ्या सहल-आयोजकाला ती ठाऊक नव्हती, असे मानणे कठीण आहे.

अंब्रेला धबधब्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. धरणाच्या मोरीतून, म्हणजे भिंतीच्या पोटातील पाणी सोडण्याच्या वाटेतून, बाहेर पडणारा प्रवाह गोलसर खडकावर पसरून कोसळतो तेव्हा त्याला छत्रीचा आकार येतो. त्यामुळे तो धबधबा कधी वाहणार हे जलसंपदा विभाग पाणी केव्हा सोडतो यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाने निघण्यापूर्वी आयोजकाला धबधब्यांना पाणी असेल का, असे स्पष्ट विचारले होते आणि ‘आहे ना, भरपूर’ असे उत्तर मिळाले होते. समोरच्या पुलावर पोहोचल्यावर दिसला तो ऊन खात पडलेला काळा खडक आणि त्यावरचे वाळून पांढरट झालेले शेवाळाचे पट्टे. आयोजकाचा माणूस मात्र त्याच खडकासमोर छायाचित्रांसाठी लोकांना ओळीत उभे करत होता. विचारणा होताच ‘पाणी सोडणं आमच्या हातात आहे का, साहेब?’ असा उलट प्रश्न आला. पाणी सोडणे त्यांच्या हाती नव्हते हे खरेच, पण ते सुटलेले असल्याचे सांगून पैसे घेणे पूर्णपणे त्यांच्याच हाती होते. पुढे रंधा धबधब्यावरही तीच कथा, कारण प्रवरेचे पाणी वीजनिर्मितीकडे वळवले जात असल्याने पावसाळा सोडता तेथे धार क्षीण असते. जाहिरातीत छापलेला रंधा अर्थातच श्रावणातला होता.

मुक्कामाच्या तंबूंबाबत ‘अगदी पाण्याला लागून’ असे शब्द वापरले गेले होते. सिंचनासाठी पाणी उपसले गेल्याने मे महिन्यात जलाशय मागे सरकतो, आणि तंबू व पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा लांबच लांब पट्टा पसरतो, हे आरक्षण करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

काजवे मात्र होते, आणि तेच सर्वांत क्लेशदायक ठरले. नर काजवा चमकून मादीला साद घालतो आणि मादी त्याच प्रकाशाच्या भाषेत उत्तर देते. परका उजेड या देवाणघेवाणीत अडथळा आणतो. तरीही छावणीत दिव्यांच्या माळा, ध्वनिवर्धक आणि झाडांवर रोखलेले गाड्यांचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू होते, व ते बंद करण्याची विनंती ‘बाकीच्यांना मजा करू द्या’ या शब्दांत धुडकावली गेली. ज्याला काजवे पाहायचे आहेत त्याने छावणीपासून दूर, सादडा, हिरडा, बेहडा अशा झाडांपाशी स्थानिक वाटाड्यासह पायी जावे, विजेरीला लाल कागद लावावा आणि छायाचित्राचा मोह सोडावा. परिसर अभयारण्यात येत असल्याने रात्रीच्या वाहनप्रवेशाविषयी वन विभागाचे चालू नियम आधी पाहावेत. विजेरी, पिण्याचे पाणी, चांगले बूट या गोष्टी सांगायला नकोत.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर कोणत्याही हंगामात निराश करत नाही. कोरीव खांब, नक्षीदार शिखर आणि कोनाड्यांत विष्णुमूर्ती असलेली पुष्करणी, म्हणजे पायऱ्यांची दगडी टाकी, यांसाठी अर्धा दिवसही अपुरा पडावा. सहलीत त्याला चहाच्या थांब्याइतकाच वेळ मिळाला, कारण जेवण थंड होत होते.

रक्कम परत मागितली असता निसर्गावर कोणाचे नियंत्रण नसते, असे तत्त्वज्ञान ऐकवण्यात आले. म्हणून काजव्यांसाठी जायचे तर केवळ काजव्यांसाठी जावे, धबधब्यांकरिता पावसाळ्यात वेगळी फेरी करावी, निघण्याच्या दिवशी सकाळी शेंडीतील एखाद्या घरगुती निवासाला दूरध्वनी करून ‘मोरीला पाणी आहे का?’ एवढेच विचारावे, आणि मुक्काम होण्याआधी कोणालाही पूर्ण पैसे देऊ नयेत.