मेगच्या बाबांना सगळं जमत नाही

मुलांनी हातात जाडसं पुस्तक घेतलं की आपल्याला कोण हायसं वाटतं! मोबाइल तर नाही ना, मग बरं. आपण कुकर लावतो, राहिलेले फोन करतो. पुस्तकात काय चाललंय हे बघायला वेळ कुणाला असतो?

तरी एका पुस्तकासाठी तो वेळ काढाच, असं मला मनापासून वाटतं. मॅडेलिन लेंगल यांचं ‘अ रिंकल इन टाइम’. १९६२ साली अमेरिकेत आलेली ही कादंबरी म्हणजे काळ आणि अवकाश ओलांडणाऱ्या पाच पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. वीस-पंचवीस प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. छापली गेली, आणि पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं.

यातली मेग आपल्या ओळखीची आहे. चष्मा, दातांना तारा, शाळेत रोज कुणाशी तरी वाजलेलं. गणितात हुशार, पण बाबांनी शिकवलेल्या झटपट रीतीनं सोडवते, म्हणून बोलणी खाते. उत्तर बरोबर असूनही स्टेप्स नाहीत म्हणून गुण कापले गेले, की आपणही मुलांनाच रागावतो, नाही का? तिचा पाच वर्षांचा भाऊ चार्ल्स वॉलेस विलक्षण बुद्धीचा. पण बाहेर फारसा बोलत नाही, म्हणून गाव त्याला मंद समजतं. शास्त्रज्ञ आई प्रयोगशाळेतल्याच बर्नरवर जेवण शिजत ठेवते. (ती आई मला फार आवडली.) भौतिकशास्त्रज्ञ बाबा सरकारी कामावर गेलेत ते बेपत्ता. त्यांना शोधायला ही भावंडं आणि मित्र कॅल्विन, तीन अजब बायकांबरोबर, दूरच्या ग्रहांवर जातात.

त्यातला कॅमाझॉट्झ ग्रह वाचताना मात्र पोटात खड्डा पडतो. सगळी घरं एकसारखी. प्रत्येक घरापुढे एकेक मूल, आणि सगळी एकाच ठेक्यात चेंडू आपटताहेत नाहीतर दोरीवर उड्या मारताहेत. एका मुलाचा ठेका चुकतो. त्याची आई धावत येते आणि घाबरून त्याला आत ओढते. निसटलेला चेंडू परत द्यायला कुणी दार वाजवलं, तर ती मानायलाच तयार नाही. आमच्या भागातल्या मुलांच्या हातून चेंडू पडतच नाही, म्हणे!

ती बाई दुष्ट नाही हो, भेदरलेली आहे. पालकसभेच्या रांगेत आपली छाती धडधडते ती अशीच. बाकीची पोरं अबॅकस शिकतात, पोहतात, आणि आपलं खिडकीबाहेर बघत बसतं. मग आपणही त्याला घाईनं आत ओढतो.

शेवटी बाबा सापडतात. आता सगळं ठीक होईल, असं मेग धरून चाललेली. पण सुटकेच्या गडबडीत चार्ल्स वॉलेस कॅमाझॉट्झवर, तिथे सत्ता गाजवणाऱ्या शत्रूच्या तावडीतच राहतो. मेग बाबांवर इतकी चिडते, की वाचताना आपणच अवघडतो. बाबा मात्र आपल्याला सगळं जमत नाही हे कबूल करतात. भावाला आणायला तिनं एकटीनंच जायला हवं असं ठरतं, कारण त्याला सर्वांत जवळून ओळखते ती मेगच. बाबांचा जीव थाऱ्यावर नसतो. तरी ते तिला जाऊ देतात.

आईबाबांच्या हातात सगळं नसतं, हे मुलांना कधीतरी कळतंच. कळलं की त्यांना राग येतो, आणि रागाखाली भीती असते. अशा वेळी ‘आवाज खाली!’ असं आपल्या तोंडून पटकन निघतं. थकलेलो असतो ना. पण जमलं तर जरा थांबून बघा. मेगचा हट्टीपणा आणि राग हे तिचे दोषच तिला बळ म्हणून दिले जातात, आणि कॅमाझॉट्झवर ते खरोखर उपयोगी पडतात.

दहा-अकराच्या पुढच्या मुलांना हे झेपेल. सुरुवात थोडी सावकाश आहे, तेव्हा पहिली प्रकरणं रात्री जेवण झाल्यावर सोबत वाचा. आणि एक विनंती: पुस्तक संपल्यावर ‘मग काय शिकलास?’ असं तेवढं विचारू नका.