आरएनएची काटछाट आणि गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी जगू लागली, तेव्हा 'अळीला बीटीची सवय झाली' असे स्पष्टीकरण गावोगावी ऐकू येऊ लागले. एखादी अळी आपल्या आयुष्यात विषाची सवय लावून घेते आणि ती सवय पिलांना देते, असे प्रत्यक्षात घडत नाही. काही मोजक्या अळ्यांच्या जनुकात बिघाड आधीपासूनच असतो. विषाने इतर अळ्या मरतात, ह्या उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. हा बिघाड नेमका कोठे असतो, हे समजण्यासाठी पेशीत प्रथिन कसे तयार होते ते प्रथम पाहू.

जनुक म्हणजे डीएनएवरील मजकूर. पेशीकेंद्रकात आरएनए पॉलिमरेज हे विकर त्या मजकुराची प्रत आरएनएच्या रूपात काढते. आरएनएची घडण चार घटकांची : ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि डीएनएतील थायमिनच्या जागी युरासिल. ही पहिली प्रत कच्ची असते. तिच्या आरंभी रासायनिक टोपी चढते, शेवटी ॲडेनिनची लांब शेपटी जोडली जाते आणि मग सर्वांत नाजूक काम होते, ते काटछाटीचे. मजकुरात उपयुक्त खंडांच्या, म्हणजे एक्झॉनच्या, अधूनमधून निरुपयोगी वाटणारे इन्ट्रॉन असतात. स्प्लायसोसोम नावाचे संकुल इन्ट्रॉन कापून काढते व एक्झॉन एकमेकांना जोडते. कोठे कापायचे ही खूण फारच लहान असते : इन्ट्रॉनच्या आरंभी बहुधा ग्वानिन-युरासिल आणि शेवटी ॲडेनिन-ग्वानिन. एवढ्याशा खुणेत फेरफार झाला, तर एखादा एक्झॉन गळतो किंवा नको तो तुकडा प्रतीत राहतो.

तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे जातो. तेथे तीन-तीन अक्षरांनी वाचन होते. एकूण ६४ त्रिकांपैकी ६१ त्रिके २० अमिनो आम्लांसाठी आहेत आणि उरलेली ३ म्हणजे 'थांबा' असा आदेश. वाहक आरएनए एकेक अमिनो आम्ल आणून देतो व साखळी वाढत जाते. काटछाटीत तीनने भाग न जाणाऱ्या संख्येने अक्षरे कमी-जास्त झाली, तर पुढील सर्व त्रिके सरकतात, अर्थ बदलतो आणि बहुधा लवकरच अवेळी 'थांबा' येतो. प्रथिन अर्धवट राहते.

आता कपाशीकडे वळू. बीटी कपाशीतील क्राय १ एसी हे प्रथिन अळीच्या आतड्यात सक्रिय होते आणि तेथील पेशींच्या पृष्ठभागावरील कॅड्हेरिन या प्रथिनाला चिकटते. पुढे पेशीच्या आवरणाला छिद्रे पडून अळी मरते. कॅड्हेरिनचा शेवटचा भाग पेशीच्या आवरणात रुतलेला असतो आणि विष चिकटण्याची जागाही आवरणाच्या जवळच आहे. प्रथिन मध्येच तुटले, तर विषाला धरायला काहीच उरत नाही. अळी मात्र जगते.

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००८ मध्ये गुजरातमधील अमरेली येथून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळीत क्राय १ एसीविरुद्ध प्रतिकार आढळला. पुढे भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत कॅड्हेरिन जनुकाची ८ नवी बिघडलेली रूपे सापडली. लक्षणीय बाब पुढेच आहे : या ८ रूपांपासून आरएनएच्या १९ वेगवेगळ्या प्रती तयार होत होत्या. प्रत्येक प्रतीत अवेळी 'थांबा' होता, किमान ९९ अक्षरे गळालेली होती, किंवा दोन्ही दोष होते. एकाच जनुकाची कापणी अनेक प्रकारे चुकत होती. क्राय २ एबी या दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए २ हे वेगळे जनुक बिघडलेले आढळले. तेथेही काटछाटीतील दोष दिसले आहेत.

याचा व्यवहारात मोठा परिणाम होतो. एक ठरावीक उत्परिवर्तन शोधणारी डीएनए चाचणी बिघाडाच्या इतक्या तऱ्हा पकडू शकत नाही. म्हणून शेतातील अळ्या आणून त्यांना विषयुक्त कृत्रिम खाद्यावर वाढविण्याची जुनी जैवचाचणी आजही अपरिहार्य आहे, आणि त्यासाठी निरनिराळ्या गावांतून हिरवी बोंडे फोडून अळ्या गोळा करणारे विस्तार कार्यकर्ते हवेत. अळी बोंडाच्या आत असते. बाहेरून पीक निरोगी दिसते, याकडे दुर्लक्ष करू नये.

हा प्रतिकार अप्रभावी गुणधर्म आहे. आई-वडिलांपैकी एकाकडून जरी धडधाकट कॅड्हेरिन जनुक आले, तरी शाबूत प्रथिन तयार होते व अळी विषाला बळी पडते. आश्रयपट्ट्यातील बिगरबीटी झाडांवरील पतंगांनी हेच धडधाकट जनुक पुरवायचे असते. आपल्याकडे आश्रयपट्टा बहुतेक ठिकाणी लावलाच गेला नाही, आणि बियाण्याच्या पाकिटासोबत येणारी बिगरबीटीची पुडी बांधावर फेकून देण्यात आली, हे स्पष्टपणे म्हणावे लागेल. त्यात संकरित वाणांच्या लांब हंगामामुळे अळीला अधिक पिढ्या मिळाल्या. दोन्ही विषे निष्प्रभ झालेल्या भागांत कामगंध सापळ्यांद्वारे पाळत (प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग, सलग ३ रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी), डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि फरदड न घेणे हेच उपाय उरतात.

आरएनएवर आधारित फवारणीबद्दल अलीकडे वारंवार विचारणा होते. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला, की डायसर हे विकर त्याचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते. ते तुकडे कीटकाचा त्याच मजकुराचा संदेशवाहक आरएनए शोधून नष्ट करवितात, आणि आवश्यक प्रथिन तयार होणे थांबते. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीला अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. भुंगेऱ्यांत हे तंत्र चांगले चालते. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यातील विकरे मात्र असा आरएनए झपाट्याने तोडतात, त्यामुळे भुंगेऱ्यांवरील यश पाहून बोंडअळीबाबत तशीच अपेक्षा धरता येत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळी बाहेर पान खात नाही, बोंडात शिरून सरकी खाते, तेथे फवारा पोहोचणे अवघडच. 'आरएनए' असे नाव छापून बोंडअळीसाठी कोणी बाटली विकू लागल्यास खरेदीपूर्वी तिचा केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडील नोंदणी क्रमांक व लेबलवरील पीक-कीड तपासून घ्यावी.