औषधांच्या रिकाम्या बाटल्या कोणी न्याव्या?

रिसोडच्या आसपास सोयाबीन व तुरीची फवारणी आटोपली म्हणजे धुऱ्यावर व नाल्यांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या दिसतात. हें ओझें एकट्या शेतकऱ्याचें नव्हे, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत २०२२ सालीं जी भर पडली तीप्रमाणें माल तयार करणारा, परदेशांतून आणणारा व स्वतःच्या छापानें विकणारा, या तिघांवर आपल्या वेष्टनाइतकें प्लास्टिक गोळा करविण्याची जबाबदारी आहे. बाटल्या-डब्यांच्या कठीण प्लास्टिकापैकीं निदान निम्म्याचा २०२४-२५ पासून पुन्हा माल बनला पाहिजे. २०२७-२८ पासून हें प्रमाण शेंकडा ८० ठरलें आहे.

मेख एवढीच कीं, कंपनीस आपलीच बाटली परत न्यावी लागत नाहीं. तितकेंच, त्याच प्रकारचें प्लास्टिक अन्यत्र गोळा झाल्याचा दाखला तिला पुरतो. शहरांतील पाण्याच्या बाटल्यांनीं हिशेब मिटूं शकतो, आणि विषाची बाटली धुऱ्यावरच राहते!

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे डबे उघड्यावर न टाकतां, फोडून वस्तीपासून दूर पुरावे असें आहे. पण पुरलेलें प्लास्टिक कुजत नाहीं. तेव्हां बाटली रिकामी होतांच तींत पाणी घालून तीन वेळां खळबळावी व तें पाणी पंपांतच ओतावें. नंतर बुडास भोंक पाडावें, म्हणजे घरीं तेल-पाण्यास ती कोणी वापरणार नाहीं. जाळूं तर नयेच. अशा बाटल्या धान्यापासून दूर, कुलपांत ठेवून, गांवच्या सर्वांनीं मिळून विक्रेत्यामार्फत कंपनीकडे त्या नेण्याची लेखी मागणी करावी.