बिघाड किडनीत, मग त्रास सगळ्या अंगाला का?

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही जुनं. परवा क्रिएटिनिन १.९ आलं आणि डॉक्टर म्हणाले, किडनी कमजोर झाली आहे. पण बाबांना लघवी तर भरपूर होते, रात्री दोन-तीनदा उठतात. शिवाय डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं आणि कॅल्शियम, फॉस्फरस व हृदयाची टूडी एको करायला लावली. दुखणं किडनीचं, मग या तपासण्या कशासाठी? एक बरं झालं, हल्ली त्यांची शुगर आपोआप कमी येते. मधुमेह बरा होत असेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. शुगर ‘आपोआप’ कमी येऊ लागली म्हणून आनंद मानू नका. शरीरातल्या इन्सुलिनचा बराच भाग किडनीत मोडला जातो. किडनी मंदावली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, मधुमेहाच्या काही गोळ्यांचा अंमलही लांबतो. उपाशीपोटी शरीराला लागणारी थोडी साखर किडनी स्वतः तयार करते, तीही कमी पडते. त्यामुळे जुन्याच डोसवर शुगर एकदम खाली जाऊन पहाटे घाम फुटणं, बरळणं, बेशुद्ध पडणं असे प्रकार घडतात. बाबांच्या शुगरच्या नोंदी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. डोस बहुधा बदलावा लागेल, मात्र तो मनाने कमी करू नका.

आता लघवीचं. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. दीड-दोन लिटर तेवढी लघवी बाहेर पडते. किडनी अशक्त झाली की लघवी घट्ट करण्याची तिची ताकद आधी कमी होते. पाणी बाहेर जातं, पण त्याबरोबर जायला हवी ती घाण पुरेशी जात नाही. रात्री वारंवार उठावं लागण्याचं हे एक कारण असू शकतं. म्हणून लघवी किती होते यावरून किडनीची तब्येत ठरवता येत नाही.

१.९ हा आकडा दिसायला किरकोळ, पण ६२ वर्षांच्या पुरुषात त्याचा अर्थ ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण ४० वर आली असा होतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा जुनाट विकार म्हणतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे अंगाने बारीक माणसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसूनही किडनीची बरीच क्षमता गेलेली असू शकते.

किडनी ही नुसती गाळणी असती, तर तुमची शंका रास्त ठरली असती. पण अस्थिमज्जेला ‘लाल पेशी तयार कर’ असा आदेश देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीतच तयार होतं. ते शुद्ध स्वरूपात हाती लागलं १९७७ मध्ये. शिकागो विद्यापीठातल्या यूजीन गोल्डवासर यांच्या गटाने त्यासाठी जपानमधल्या रक्तक्षयाच्या रुग्णांची अडीच हजार लिटरहून अधिक लघवी वापरली, आणि त्यातून जेमतेम काही मिलिग्रॅम संप्रेरक मिळालं. त्याच कामातून पुढे जे इंजेक्शन आलं, ते आज डायलिसिसच्या असंख्य रुग्णांना दिलं जातं. किडनी कमजोर झाली की हे संप्रेरक कमी पडतं आणि रक्त घटतं. म्हणून बाबांना जिना चढताना धाप लागत असेल, तर दोष केवळ वयाला देऊ नका.

हाडांचं तसंच. उन्हातून आणि अन्नातून मिळालेलं ड जीवनसत्त्व कामी येण्याजोगं होतं ते किडनीत. ते कमी पडलं आणि फॉस्फरस साचू लागला, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढून काढतात. हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होत जातात.

हृदयाचा संबंध तर जुनाच ठाऊक आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत. लघवीत प्रथिन असलं की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठे. त्यांनी १८२७ मध्ये हा विकार मांडला, आणि अशा रुग्णांचं हृदय अनेकदा मोठं व जाड झालेलं असतं, हेही १८३६ मध्ये नोंदवलं. आज कारणं माहीत आहेत : मीठ-पाणी साचतं, किडनीतून स्रवणाऱ्या रेनिनमुळे रक्तदाब चढतो, रक्त कमी असल्याने हृदयाला जादा राबावं लागतं, पोटॅशियम वाढलं तर ठोके बिघडतात. किडनीच्या अनेक रुग्णांना डायलिसिसपेक्षा हृदयविकाराचा धोका मोठा असतो. टूडी एको त्यासाठीच.

करायचं काय? रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत ठेवा. मीठ दिवसाला चमचाभराच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. घटक माहीत नसलेली भस्मं टाळा, त्यांत शिसं-पारा असू शकतो. शहाळं आणि ‘लो सोडियम’ मीठ या दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट दाखवून मगच घ्या. ‘किडनी साफ व्हावी’ म्हणून बळेबळे पाणी पिण्याचीही गरज नाही. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवीतलं प्रथिन कमी करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी नवी औषधं यांनी किडनीची घसरण बऱ्याच जणांत मंदावते, हृदयालाही आधार मिळतो. बाबांना ती चालतील का, हे स्पष्ट विचारा. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, पण उरलेली अनेक वर्षं सांभाळता येते.

आणि हे सर्वच वाचकांसाठी : घरात कुणाला मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असेल, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्याच. पायांवर सूज आणि लघवीला फेस दिसेपर्यंत थांबू नका. किडनी दुखत नाही, म्हणून ती तपासावी लागते.