वसईच्या किल्ल्यातले मोठे चर्च

गोरेगावहून विरारची गाडी मिळाली तर बरे, नाहीतर बोरिवलीला गाडी बदला. भाईंदर सोडले की खाडीचा पूल लागतो. मग नायगाव आणि पुढचे स्टेशन वसई रोड. तिथे पश्चिमेला उतरा. किल्ला अजून लांब आहे. बस किंवा रिक्षा करून समुद्राच्या अंगाला जायचे.

वसई ही १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगाल हा युरोपातला समुद्रकाठचा देश. तिथले लोक जहाजांतून इकडे आले. त्यांनी तटाच्या आत अख्खे गाव वसवले. घरे, बाजार आणि किती तरी चर्चे! त्यांतले गावाचे मुख्य चर्च म्हणजे संत जोसेफचे. जिथे बिशपची, म्हणजे मोठ्या धर्मगुरूची गादी असते, त्या चर्चला कथेड्रल म्हणतात. तशी गादी तेव्हा गोव्याला होती. तरी वसईकरांना मान याच चर्चचा.

आता छप्पर नाही. आत उभे राहून वर पाहिले तर आभाळच दिसते. पण दारावरचा उंच मनोरा शाबूत आहे. त्याच्या पोटात दगडी चक्री जिना आहे. हे चर्च १५४६ च्या सुमारास बांधले. १६०१ साली ते मोठे केले, तेव्हा दारावर तसा लेख कोरला.

जवळच फ्रान्सिस्कन साधूंचे चर्च आहे. त्याच्या जमिनीत थडग्यांचे दगड बसवले आहेत. जरा वाका. अक्षरे परकी आहेत, ती लागायची नाहीत. पण आकडे बघा. एक म्हणजे उभी रेघ. शून्य तर आपल्यासारखेच गोल! हे आकडे मुळात आपल्याच देशातले. अरबांनी ते उचलले, त्यांच्याकडून युरोपात गेले आणि बोटीत बसून पुन्हा वसईला आले. असे चार आकडे सापडले की समजावे, बहुधा हे त्या माणसाच्या मरणाचे साल.

भिंतींवर दुसरेही लेखन दिसेल. कुणी खिळ्याने आपले नाव कोरले आहे, कुणी कोळशाने बाण आणि बदाम काढला आहे. अशांना शाळेत घातले ते फुकट गेले म्हणायचे.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंग लावून तट फोडला. दोन्हीकडची पुष्कळ माणसे पडली. मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. आप्पांनी त्यांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. त्या आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आणखी एक आहे. तिच्यावर मेरीमाता बाळ येशूला घेऊन बसली आहे. गावच्या बायका घाटावर धुणे धुतात, महादेवाला जातात. वर ही मायलेकरे. त्या घंटेवरही चार आकडे आहेत. पहिला उभी रेघ, दुसरा सात, तिसरा शून्य, चौथा पुन्हा सात.

किती साल झाले, वाचा पाहू.