फवारणी आणि आपली कातडी

मुलांनो, वाशीम जिल्ह्यात सोयाबीन, तूर आणि कापूस ही पिके होतात. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे तुम्ही पाहिलीच असतील.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पंपाची नळी वर धरावी लागे आणि औषधाचे तुषार तोंडावर, छातीवर उडत.

विष तोंडातून किंवा नाकातूनच शरीरात जाते, असे आपण समजतो. संशोधकांनी फवारणाऱ्यांच्या अंगावर कापडाचे तुकडे लावले आणि त्यांवर किती औषध पडले ते मोजले. श्वासातून जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त औषध अंगावर पडते, असे दिसले. हे औषध कातडीतून रक्तात शिरते. भिजलेला सदरा तर ते अंगाला चिकटवूनच ठेवतो. मग नुसता रुमाल तोंडाला बांधून काय उपयोग? पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे हवेत. पण भर उन्हात ते घालणे सोपे नाही, हेही खरे.

विषबाधा झाली तर रोग्याबरोबर औषधाचा डबाही दवाखान्यात न्यावा. ॲट्रोपीनचे इंजेक्शन काही विषांवर चालते, सर्वांवर नाही. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.