आजीच्या लुगड्याचा परकर

आपल्या दारात भांडीवाली येते. ती जुने कपडे घेते आणि पातेलं नाहीतर डबा देते. दिवाळीच्या आधी आईनं आजीचं लुगडं तिला द्यायला काढलं. आजी आता नाही. मी ते ओढून परत घेतलं. आई म्हणाली, "फाटकं लुगडं ठेवून काय करणार?" मी म्हणाले, "परकर शिवणार." दौंडच्या आत्यानं मला शिकवलं. ते मी खाली लिहिते.

लुगडं नऊवारी असतं. १ वार म्हणजे ३ फूट. ९ वारांचे २७ फूट होतात, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. पण सगळं कापड चांगलं नसतं. बसायला आणि कासोट्याला येणारा भाग आधी विरतो. पदर आणि काठ जास्त टिकतात. म्हणून कापड आधी उजेडापुढे धरावं. जिथं जाळीसारखं दिसतं तो भाग सोडावा. मी हे केलं नाही. मधूनच कापलं. परकर शिवून नाडी ओढली तर टर्रकन फाटला! मला फार रडू आलं. आत्या म्हणली, "रडू नको गं. ते इरलंय. पदराकडनं घे, तिकडं चांगलं हाय."

साहित्य : धुतलेलं सुती लुगडं, टेप, खडू, कात्री, सुई-दोरा, नाडी.

कृती :
१) माझी कंबर ५२ सेंमी आहे. घेर तिप्पट घ्यावा. ५२ × ३ = १५६ सेंमी.
२) कमरेपासून घोट्यापर्यंत ६५, नेफ्याला ५ आणि वाढीच्या दुमडीला ६, एकूण ७६ सेंमी उंची घ्यावी.
३) काठ खाली येईल असं कापावं. काठाचे दोरे सुटत नाहीत, म्हणून खाली दुमडावं लागत नाही.
४) दोन्ही उभ्या कडा जोडून उलटी टीप घालावी. धावदोरा इथं लवकर उसवतो.
५) काठाच्या वर एक आडवी दुमड शिवावी. आपण उंच झालो की ती उसवायची.
६) वर नेफा शिवावा, नाडीला तोंड ठेवावं. पिनेनं नाडी ओवावी.

जुन्या कापडाचा एक फायदा आहे. ते आधीच आटलेलं असतं, म्हणून शिवल्यावर माप कमी होत नाही. धुऊन धुऊन ते मऊही होतं. म्हणूनच बाळाला जुन्या धोतराचं झबलं घालतात. उरलेल्या तुकड्याची आत्यानं काकूच्या बाळाला कुंची केली. तुकडा मधोमध दुमडून एक टोक शिवलं की टोपी होते आणि बाकीचं पाठीवर सुटं राहतं. चिंध्या गोधडीत गेल्या. गुरुजींनी सांगितलं की, बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या गोधडीला कांथा म्हणतात. तिकडच्या बायका साडीच्या काठातलेच रंगीत दोरे काढून त्यांनी शिवत असत.

परकर घालून मी आईला दाखवला. आईनं काठावरून हात फिरवला, पण काही बोलली नाही. पुढच्या वेळी भांडीवाली आली, तेव्हा आईनं प्रत्येक कपडा आधी दारात उजेडापुढे धरून पाहिला.

तुमच्या घरी जुनं लुगडं, धोतर किंवा चादर असेल तर तुम्हीपण आधी असंच पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी